विचारता येणारा नकाशा

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने टिपेश्वर सोडले आणि डिसेंबरात तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेते, रस्ते, नाले ओलांडत त्याची चाल तेराशे किलोमीटरांवर गेली. पुढे तो 'वॉकर' या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्याच्या वाटचालीची वेडीवाकडी रेघ दाखवणारा नकाशा वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलमधून देशभर फिरला.

तो नकाशा पाहून यवतमाळच्या माणसाला पडणारे प्रश्न फार साधे आहेत. कापूस वेचणी सुरू असताना हा वाघ कोणत्या शिवारांतून गेला? एका जागी किती दिवस थांबला? रस्ता ओलांडला तो रात्री की दिवसा? उपग्रहामार्फत आलेल्या प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ असतेच, म्हणजे उत्तरे मूळ तक्त्यात आहेत. पण नकाशा चित्र म्हणून छापला की तक्ता मागे राहतो आणि हाती फक्त रेघ उरते. ही पुस्तिका ज्या कामासाठी आहे ते हेच: आर या भाषेत वेब डॅशबोर्ड तयार करायचा, त्यात नकाशा बसवायचा आणि तो असा बसवायचा की पाहणाऱ्याला मागचा तक्ता विचारता येईल.

यंत्रणा थोडक्यात सांगतो. ब्राउझरमध्ये नकाशा काढण्याचे काम लीफलेट नावाची छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी करते. कीवचे व्होलोदिमिर अगाफोनकिन यांनी ती २०११ मध्ये खुली केली. आर ही भाषा त्याहून बरीच जुनी. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती घडवली आणि तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. २०१२ मध्ये जो चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शायनी आणले. त्यामुळे आरमध्ये लिहिलेले गणित थेट वेबपानावर चालवता येऊ लागले. लीफलेट आरमधून वापरता यावे म्हणून त्याच नावाचे पॅकेज तयार झाले. त्याच्या लेखकांत जो चेंग यांच्याबरोबर भास्कर करंबेळकर हेही नाव आहे. भौगोलिक माहिती साध्या तक्त्यासारखी हाताळता येते ती एड्झर पेबेस्मा यांच्या एसएफ पॅकेजमुळे: प्रत्येक गाव ही एक ओळ आणि गावाची सीमा हा त्या ओळीतला आणखी एक रकाना. आरमध्ये नकाशांचे काम सोपे झाले त्याचे निम्मे श्रेय मी तरी या एका कल्पनेला देईन.

शायनीत नकाशा दोन ठिकाणी लिहावा लागतो. पानाच्या मांडणीत 'लीफलेटआउटपुट' लिहून जागा राखायची आणि सर्व्हरच्या भागात 'रेंडरलीफलेट' लिहून त्या जागेत नकाशा भरायचा. एवढ्याने नकाशा दिसतो, हलवता येतो, जवळ-लांब करता येतो. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि खरे काम इथून पुढे आहे.

नकाशावर ठिपक्याला क्लिक केले की शायनीच्या इनपुटमध्ये एक निरोप येतो: कोणता ठिपका, त्याचे अक्षांश-रेखांश काय आणि त्याला आपण दिलेली खूण, म्हणजे लेयर आयडी, कोणती. समजा नकाशा विहिरींचा आहे. खूण म्हणून विहिरीचा क्रमांक दिला असेल तर तेवढ्यावर तिच्या मागच्या सगळ्या नोंदी काढून शेजारी आलेख दाखवता येतो. नकाशा सरकवला की दिसणाऱ्या चौकटीच्या चारही कडा इनपुटमध्ये येतात. म्हणजे चौकटीत जेवढ्या विहिरी आहेत तेवढ्यांचीच सरासरी दाखवता येते. उलट दिशेनेही हे चालते. तक्त्यातल्या एका ओळीवर क्लिक केले की नकाशा त्या गावावर जातो. नकाशा, तक्ता आणि आलेख एकमेकांना असे बांधले गेले की त्याला डॅशबोर्ड म्हणावे. तोवर ती एका पानावर शेजारी-शेजारी टांगलेली तीन चित्रेच आहेत.

या बांधणीत नवशिक्याची ठेच ठरलेली असते. तालुका निवडायची यादी 'रेंडरलीफलेट'च्या आतच वापरली, तर निवड बदलताच अख्खा नकाशा नव्याने काढला जातो. पाहणारा मुकुटबनजवळ कुठे तरी बारकाईने पाहत असतो, तो एकदम पूर्ण जिल्ह्याच्या दृश्यावर फेकला जातो. यावर उपाय 'लीफलेटप्रॉक्सी'. मूळ नकाशा एकदाच काढायचा आणि पुढचे बदल, म्हणजे जुने ठिपके पुसणे, नवे टाकणे, रंग बदलणे, हे सगळे त्या उभ्या नकाशावरच करायचे. नकाशा दुसऱ्या टॅबमध्ये लपलेला असेल तर तो अजून काढलेलाच नसतो आणि प्रॉक्सीचे निरोप वाया जातात. आणि उंची शंभर टक्के लिहिली, पण बाहेरच्या चौकटीला उंचीच दिलेली नसली, तर नकाशा कोरा दिसतो, चूक मात्र कुठेच दाखवली जात नाही. या दोन गोष्टींवर लोकांच्या संध्याकाळी गेल्या आहेत. पुस्तिकेत त्या आधीच सांगितल्या आहेत हे बरे.

आता यवतमाळकडे वळू, कारण नकाशांच्या दृष्टीने हा जिल्हा मुलखाचा अवघड आहे. उपग्रहाधारित मोजणीत सर्रास वापरली जाणारी यूटीएम पद्धत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ उभे पट्टे करते. त्रेचाळिसावा आणि चव्वेचाळिसावा पट्टा जिथे भेटतात ते ७८ अंश पूर्व रेखावृत्त आपल्या जिल्ह्याच्या अंगावरून जाते. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड रेषेच्या पश्चिमेला. यवतमाळ शहर किंचित पूर्वेला. राळेगाव, पांढरकवडा, वणी तर चांगलेच पूर्वेला. त्यामुळे जिल्ह्याच्या दोन भागांची मोजणी दोन पट्ट्यांत झालेली असू शकते, आणि फाइलवर पट्टा लिहिलेला नसला की गंमत सुरू होते. वणीचे आकडे त्रेचाळिसाव्या पट्ट्याचे समजून टाकले तर वणी पालघर जिल्ह्यात तलासरीच्या आसपास उतरते. दारव्ह्याचे आकडे चव्वेचाळिसाव्याचे धरले तर दारव्हा ओडिशात जाते. एसएफमध्ये फाइलवर पद्धतीचे नाव चिकटवणे वेगळे आणि आकडे एका पद्धतीतून दुसरीत बदलणे वेगळे. पहिल्याने दुसरे होत नाही. लीफलेटला शेवटी अंशांतले, डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश लागतात. तिथवर नीट रूपांतर करून आणणे ही आपली जबाबदारी.

एवढे करूनही क्रमाचा घोळ उरतोच. मूळ लीफलेटमध्ये आधी अक्षांश, मग रेखांश. आरच्या पॅकेजमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. ते उलटले की २० अंश उत्तर, ७८ अंश पूर्व असलेले यवतमाळ ७८ अंश उत्तरेला, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाशी जाऊन बसते. मे महिन्यात ही अदलाबदल कोणाला आवडेलही.

याच ७८ अंशांच्या आसपास हिंदुस्थानच्या मोजणीचा कणा आखला गेला. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली आणि दक्षिणोत्तर मोठी कमान वर वर सरकवत आणली. २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे जात असताना, वर्धा नदीपलीकडच्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. कबरही तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी केले. त्यांनी १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट बेतलेले आहेत. आजचा मोबाइल मात्र डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. म्हणून जुन्या टोपोशीटवरून उतरवलेली विहीर रूपांतर न करता आजच्या नकाशावर टाकली, तर आपल्याकडे ती शे-दीडशे मीटर सरकलेली दिसते. तालुक्याच्या नकाशात याने काही बिघडत नाही. पण नाल्याच्या या काठावरची विहीर त्या काठावर दिसली, की गावकऱ्यांचा पूर्ण नकाशावरचाच विश्वास उडतो, आणि तो उडणे रास्तही आहे.

जागेनंतर नावाचा प्रश्न. पाण्याच्या तपासणीचा तक्ता एका कार्यालयाकडून येतो, गावांच्या सीमा दुसऱ्याकडून, आणि दोन्ही जोडायला समान रकाना म्हणून गावाचे नावच पुढे येते. ते टाळावे. केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा, म्हणून एका फाइलीत तालुका केळापूर असतो, दुसरीत पांढरकवडा. झरी-जामणी कुठे जोडरेघेसह, कुठे तिच्याशिवाय. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते तलाठ्यांनाच विचारावे. रोमन लिपीत तर एकाच गावाची चार-चार रूपे होतात. जुनी कागदपत्रे उघडली की जिल्ह्याचेच नाव बदलते. १९०५ पर्यंत हा वणी जिल्हा होता. त्या वर्षी वाशीम जिल्हा मोडून पुसद आणि दारव्हा इकडे आले आणि यवतमाळ हे नाव लागले. तेव्हाचे पाच तालुके आज सोळा झाले आहेत. त्या काळातले कापसाचे किंवा लोकसंख्येचे तालुकानिहाय आकडे आजच्या सीमांवर रंगवले तर नकाशा सुबक दिसेल आणि सपशेल खोटा असेल.

म्हणून जोडणी नावावर नको, क्रमांकावर हवी. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक दिला आहे. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे क्रमांकही उपलब्ध आहेत. ते रकाने भरायला आठवडा गेला तरी चालेल. जोडणीनंतर दोन्ही बाजूंना न जुळलेल्या ओळी किती उरल्या, हे डॅशबोर्डवरच दाखवावे असे माझे मत आहे. त्या लपवायची सवय आपल्याला फार आहे. न जुळलेल्या ओळींतली काही गावे रिठी निघतात, म्हणजे शिवार आहे पण वस्ती नाही. ती 'माहिती नाही' म्हणून करडी दाखवायची नसतात. त्यांचा रंग वेगळा हवा.

क्रमांकांनीही सुटत नाही असा एक प्रश्न आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. पुसद-दिग्रसकडे बंजारा समाजाचे तांडे. महसुली यादीत पुष्कळ पोडांना आणि तांड्यांना स्वतंत्र गाव म्हणून स्थान नाही. ते कोणत्या ना कोणत्या मूळ गावाच्या पोटात मोजले जातात. गावाची सीमा रंगवणारा नकाशा मूळ गावच्या विहिरीचे पाणी चांगले म्हणून सगळे शिवार हिरवे करतो, आणि दोन किलोमीटरांवरच्या पोडावरचा हातपंप त्या हिरव्या रंगाखाली गडप होतो. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात. ज्यांच्यासाठी नकाशा काढायचा तेच त्यात नसतील, तर क्लिक करून विचारणार तरी काय? यावर तांत्रिक उपाय अवघड नाही. सीमांचे थर नुसत्या रेषांचे ठेवायचे, रंग फक्त प्रत्यक्ष मोजलेल्या ठिकाणी, ठिपक्याला द्यायचा. अवघड आहे ते पोडावर जाऊन हातपंपाचे अक्षांश-रेखांश टिपून आणणे.

हातपंपाचे उदाहरण मुद्दाम घेतले. केळापूर, झरी-जामणी, घाटंजी या पट्ट्यातल्या कित्येक विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पाणी स्वच्छ दिसते, चवीलाही बरे लागते, आणि वर्षानुवर्षे प्यायल्यावर दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडे धरतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. हे दोन आकडे रंग ठरवताना डोळ्यांसमोर हवेत. आरचे लीफलेट 'कलरन्यूमेरिक' वापरून फिक्यापासून गडदपर्यंत सलग रंग देते. दिसायला तो सुंदर, पण १.४ आणि १.६ यांत डोळ्याला काही फरक कळत नाही, आणि कळायला हवा तो नेमका तिथेच. इथे 'कलरबिन' घ्यावे आणि १ व १.५ या ठिकाणी रंग तोडावेत. 'कलरक्वांटाइल' तर अजिबात नको. ते विहिरींचे समान गट पाडते, म्हणून सगळ्या विहिरी वाईट असल्या तरी त्यांतल्या एका गटाला दिलाशाचा रंग मिळतो. लाल-हिरवा भेद न दिसणारे पुरुष आपल्यात बरेच आहेत, तेव्हा निळा-नारिंगी जोडी बरी.

याच माहितीवर उष्णतेच्या नकाशासारखे पसरट, वितळलेले रंग टाकायचा मोह फार होतो. एका ओळीत ते जमते आणि बैठकीत छाप पडते. माझा त्याला विरोध आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा. वणीकडे कोळशाचे आणि चुनखडीचे थर. कठीण खडकात पाणी भेगांतून वाहते. एक बोअर ज्या भेगेला लागला ती शंभर मीटरांवरच्या दुसऱ्या बोअरला लागेलच असे नाही. दोन विहिरींच्या मधला रंग सरासरी काढून भरणे म्हणजे न खोदलेल्या बोअरच्या पाण्याची हमी देणे. ठिपके विरळ असतील तर विरळच दिसू द्यावेत.

दाखवू नये असेही बरेच आहे. वॉकरचा नकाशा मागाहून प्रसिद्ध झाला म्हणून ठीक. कॉलर लावलेला वाघ या क्षणी कुठे आहे हे उघड्या डॅशबोर्डवर टाकणे म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणे. शेतकरी आत्महत्यांच्या नोंदींबद्दल तर अधिकच जपायला हवे. त्या नोंदींत घर ओळखू येईल इतका नेमका ठिपका कोणालाही मिळता कामा नये. तालुक्यापर्यंतचा आकडा द्यावा, तोही अगदी लहान असेल तर झाकावा. उलट २०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशक फवारताना या जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा जीव गेला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तशा वेळी गाव, तारीख आणि फवारलेले औषध एवढे तीनच रकाने, रुग्णाच्या नावाशिवाय, रोजच्या रोज आरोग्य आणि कृषी खात्यांपुढे नकाशावर यायला हवेत. असा नकाशा लोकांसाठी उघडा नसला तरी चालतो. तो योग्य माणसांसमोर त्याच आठवड्यात असावा लागतो.

पायाच्या नकाशाबद्दल एक सूचना. सर्वसाधारणपणे आपण ओपनस्ट्रीटमॅपचे चौकोन, म्हणजे टाइल्स, वापरतो. ते चांगले आहेत, शिवाय आपल्या गावचा रस्ता त्यात नसेल तर आपणच भरू शकतो. मात्र परदेशी नकाशांत भारताची आंतरराष्ट्रीय सीमा सर्वेक्षण विभागाच्या सीमेशी जुळतेच असे नाही, आणि सरकारी पानावर ते खपत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भौगोलिक माहितीवरची बरीच बंधने उठवली. सीमेचा नियम कायम आहे. जिल्ह्याच्या डॅशबोर्डला लहानात लहान झूम आणि बाहेरची चौकट ठरवून दिली, की पाहणारा देशाच्या सीमेपर्यंत जातच नाही.

शेवटी, शायनी हवेच का? नेहमी नाही. शायनीला सहसा सतत चालू असणारा सर्व्हर लागतो आणि ब्राउझरशी अखंड जोडणी लागते. झरी-जामणीच्या एखाद्या शाळेत रेंज गेली की पान करडे होते आणि काम थांबते. माहिती वर्षातून चारदा बदलणारी असेल, तर लीफलेटचा नकाशा एका एचटीएमएल फाइलीत साठवून पेन ड्राइव्हने दिलेला पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो. ठिपक्यावर क्लिक केले की माहितीची चौकट त्यातही उघडते. पायाचे चौकोन नेटवरून येतात, तेव्हा नेट नसेल तर सीमेच्या रेषा तेवढ्या फाइलीतच भराव्यात. जिल्ह्यातल्या दोन हजारांवर गावांच्या सीमा आहेत तशा भरल्या तर साधा मोबाइल गुदमरतो. त्या आधी साध्या कराव्यात, पण शेजारच्या गावांत फटी पडणार नाहीत अशा पद्धतीने. त्यासाठीचे 'आरमॅपशेपर' पॅकेज पुस्तिकेत आलेच आहे. गणित प्रत्येक क्लिकला नव्याने करायचे असेल, किंवा माहिती रोज भरली जात असेल, तेव्हाच शायनीचा खर्च करावा.

देवनागरीबद्दल आता तक्रारीला जागा नाही. विंडोजवरच्या आरमध्ये मराठी अक्षरांऐवजी कोनी कंसांतले संकेत दिसत. एप्रिल २०२२ च्या ४.२ आवृत्तीपासून ते दुखणे गेले. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या याद्या तेवढ्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. तेव्हा बटणे, चौकटी, गावांची नावे सगळे मराठीतच ठेवा. इंग्रजी डॅशबोर्ड तालुक्याच्या बैठकीपलीकडे जात नाही.

वाचकांना एवढीच विनंती की पहिला नकाशा जिल्ह्याचा करू नका. आपल्या गावातल्या हातपंपांचा आणि विहिरींचा करा. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा, एक्सेलमध्ये भरा, पुस्तिकेतल्या दुसऱ्या प्रकरणाप्रमाणे नकाशावर टाका आणि रोज तिथे पाणी भरणाऱ्या बाईंच्या हातात मोबाइल द्या. एखादा ठिपका चुकीच्या जागी असेल, किंवा एखादा पंप राहून गेला असेल, तर त्या लगेच सांगतील. ती दुरुस्ती करून मगच तिसरे प्रकरण उघडा.